शेंड्यावरचा वाटा

उन्हाळा सरत आला की कोकणातल्या परसात एकाच वेळी दोन पंगती बसतात. खाली माणसं रातांबे फोडत असतात, आढीतले आंबे चाळत असतात. वर तांबट, कोकीळ, खारी, वटवाघळं आणि वानरं. मृग लागण्याआधी जे उतरेल ते पदरात, अशी घाई असते आणि दरवर्षीचा प्रश्नही तोच असतो: वरच्यांना किती खाऊ द्यायचं?

‘खाऊ द्या’ म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. लिंबाची कोवळी पानं कुरतडणारी अळी पाहा. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते आणि डिवचली की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. हीच अळी पुढे राणी पाकोळी, म्हणजे २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉरमॉन असू शकते. जुन्या झाडाची चार पानं गेल्याने लिंबं कमी होत नाहीत. हातभर रोप मात्र एवढ्याने पार उघडं पडतं. तेव्हा रोपावरची अळी उचलून मोठ्या झाडावर सोडावी, दोघांचंही भागतं.

वटवाघळांचा हिशेब इतका सरळ नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने फळं खाणारी वटवाघळं कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकली होती. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. हे योग्यच झालं. जांभूळ, वड, उंबर यांच्या बिया रातोरात दूर नेऊन टाकण्याचं त्यांचं काम कुठलीही रोपवाटिका करत नाही. पण २०१८ साली केरळात निपाहने माणसं दगावली आणि त्या विषाणूचं मूळ घर फळं खाणारी वटवाघळंच आहेत, हेही तितकंच खरं. पाखराने उष्टावलेला आंबा गोड असतो, असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. कौतुक असू द्यावं, पण दात लागलेलं फळ खाऊ नये. ते झाडाखालीच पडू द्यावं.

खरी कसोटी लागते ती माकडांपाशी. कोवळे नारळ, पाडाचे आंबे, भोपळ्याचे वेल यांची एका सकाळीत नासधूस होते. खाल्लं थोडं, टाकलं फार, ही तक्रार खोटी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात या जाचाला कंटाळून परसात भाजी लावणंच सोडलेली घरं आहेत. त्यांना शहरातून सहजीवनाचे धडे देणं सोपं आहे. शिवाय घाटात गाडी थांबवून माकडांपुढे बिस्किटं टाकणारे आपणच त्यांची भीड चेपवतो आणि भुर्दंड पडतो तो गावातल्या घरांना. दहा-वीस नारळांसाठी पंचनाम्याला कोण येणार?

यावर जाळं हा हुकमी उपाय वाटतो. पण झाडावर सैल टाकलेल्या बारीक नायलॉनच्या जाळ्यात वटवाघळं आणि पाखरं अडकतात, आणि त्याचं टोक जमिनीवर लोळत असेल तर उंदीर खाणारी धामणही गुरफटून मरते. म्हणजे आंबे वाचवायला जावं आणि उंदरांना मोकळं रान मिळावं. त्यापेक्षा हाताशी येणाऱ्या फळांना कागदी पिशव्या बांधाव्यात, झेल्याने पोचतं तेवढं वेळेवर उतरवावं आणि शेंडा सोडून द्यावा. तिथवर चढून हातपाय मोडून घेण्याइतके ते आंबे मोलाचे नसतात.

मात्र हा शहाणपणा हौसेच्या बागेपुरता आहे. ज्या घराची वर्षाची आमसुलं, नारळ आणि चार पैसे परसातून येतात, त्याने वाटा किती सोडावा हे बाहेरच्यांनी ठरवू नये. जंगल आणि पाखरं सगळ्यांची असतील, तर त्यांच्या खाण्याचा खर्चही सगळ्यांचा आहे. लहान परसांच्या नुकसानीची सोपी नोंद आणि वेळेवर भरपाई ही त्याची पहिली पायरी. तोवर औदार्याची अपेक्षा ज्याचं पोट बागेवर नाही, त्याच्याकडूनच करावी.