सहा डिसेंबरनंतर एक दिवस सोपाऱ्याला



रनाळे आणि आसपासच्या खेड्यांतील आपल्या माणसांना, विशेषतः माताभगिनींना, समुद्र कोठे पाहिला असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येते : दादरला, चैत्यभूमीवर. तासन्‌तास रांगेत उभे राहायचे, परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करायचे, शिवाजी पार्कवर पुस्तके नि दिनदर्शिका घ्यायच्या आणि मिळेल त्या गाडीने परतायचे. समुद्र बाजूलाच असतो, पण त्याच्याकडे बघायला त्या दिवशी ना वेळ असतो ना मन. हातावर पोट असलेल्या घरात निव्वळ समुद्र पाहायला पुन्हा भाडे खर्चून जाणे कोणाला सुचत नाही. सहल ही पगारदारांची चैन, असे आपण धरून चाललो आहोत.

माझी सूचना अशी की, भाडे एकदा खर्च झालेच आहे तर सात तारखेचा एक दिवस वाढवावा आणि नालासोपाऱ्याला जावे.

सोपारा म्हणजे पाली ग्रंथांतील सुप्पारक. एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका सागरी प्रवासवर्णनात या बंदराचे नाव आले आहे. बौद्ध परंपरेप्रमाणे इथला पुण्ण नावाचा व्यापारी भगवान बुद्धांचा भिक्खू झाला आणि धम्म सांगायला आपल्याच मुलखात परतला. तिकडची माणसे तापट आहेत, शिव्या देतील, मारतील, मग काय करशील, असे भगवंतांनी त्याला विचारले. शिव्या दिल्या तर हाताने मारले नाही म्हणून त्यांना भले म्हणेन, हाताने मारले तर दगडाने मारले नाही म्हणून भले म्हणेन, असे तो सांगत गेला. वस्तीवस्तीत फिरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे. लोक त्या जागेला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे खोदकाम केले, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक निघाले. आत सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे होते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. जागेवर आज विटांचा उंचवटाच दिसतो. सांचीसारखे काही पाहायला मिळेल या आशेने जाणाऱ्याची निराशा होईल. म्हणून इतिहास सांगणारा कोणीतरी बरोबर असावा. वंदना म्हणावी, मुलांना शांतपणे बसवावे, आणि विटांवर मेणबत्त्या लावू नयेत.

त्याच १८८२ साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला मिळाला. आठव्या लेखाचा विषय काय, तर सहल! पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला जात. अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांना भेटावे, म्हाताऱ्यांना मदत द्यावी, खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलावे, आणि त्यातच राजाला अधिक आनंद वाटे. नवव्यात म्हटले आहे की, लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. दास-नोकरांशी नीट वागणे हे खरे मंगल. आपला जिल्हा मिरचीचा, पण ती लिंबाबरोबर गाडीला टांगण्यापेक्षा चटणीत घातलेली बरी.

स्तूप पाहून झाल्यावर कळंब, राजोडी किंवा भुईगाव यांपैकी एक किनारा गाठावा. मुलांना वाळूत मनसोक्त खेळू द्यावे. तापीत पोहणाऱ्या पोरांनी इथे शहाणपण दाखवू नये. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते. घोट्याच्या वर पाणी नको.

महापरिनिर्वाण दिनाला जोडून मौज कशाला, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. सहा तारीख अभिवादनाचीच राहावी. परंतु दुसऱ्या दिवशी आपल्याच इतिहासाच्या जागी लेकराबाळांसह जाण्याने तिला कमीपणा येतो, असे मला वाटत नाही. आपल्या आयाबहिणींनी समुद्र फक्त दुःखाच्या दिवशीच पाहावा काय?

खरी अडचण मजुरीची. डिसेंबर म्हणजे कपाशी-मिरचीच्या वेचणीचे दिवस. एक दिवस वाढला की नवराबायको दोघांचीही मजुरी बुडते. त्यासाठी विहारात दरमहा थोडे थोडे जमा करणारी भिशी लावावी आणि ज्या घराची पाळी येईल त्याने त्या वर्षी थांबावे. वर्षाला चार घरे गेली तरी पुरे.

सकाळी दादरहून विरारकडे जाणारी लोकल घ्यावी. त्या वेळी गर्दी उलट दिशेला, मुंबईकडे असते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी बरोबर असले की जेवणाचा खर्च वाचतो. आणखी एक दिवस असेल तर बोरिवलीला उतरून कान्हेरी लेणी पाहावीत. तिथल्या लेखांत सोपाऱ्याच्या दात्यांचीही नावे आहेत. फक्त सोमवारी लेणी बंद असतात. परतीला विरार किंवा वसई रोडहून सुरतेकडची गाडी मिळाली तर दादरला पुन्हा जाण्याचे कारण नाही. आपली गाडी तिथे थांबते की नाही, हे नंदुरबारला तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.