मोळी गव्हाणीत, माणसे फडात

गळीत हंगाम सुरू झाला. गव्हाणीत मोळी टाकताना अध्यक्षांचे छायाचित्र निघाले, विक्रमी गाळपाचे संकल्प सुटले आणि साखरपट्ट्यातली गावे पुन्हा भोंग्याच्या वेळेवर चालू लागली.

१९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना सुरू केला, तेव्हा सावकाराच्या दारातला शेतकरी कारखान्याचा मालक झाला. त्याच्या आडोशाने शाळा, रुग्णालय, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयही उभे राहिले. हे कमी नव्हे.

मात्र ज्यांच्या कोयत्यावर हे सगळे चालते, ते बीड-आष्टी-पाथर्डीकडचे लोक कारखान्याचे कोण? सभासद नाहीत आणि कागदोपत्री कामगारही नाहीत. कारखाना वाहतूकदाराला ओळखतो, वाहतूकदार मुकादमाला, आणि मुकादमाची उचल फिटते नवरा-बायकोच्या अंगमेहनतीतून. दोघांचा मिळून हिशेबाला एकच कोयता. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. कोपीवर परतली की चूल आहेच. आजारपणात बुडालेला दिवस म्हणजे खाडा. त्याचा दंड उचलीत चढतो. बीड जिल्ह्यातल्या तोडणी कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी २०१९ मध्ये विधिमंडळ हादरले, चौकशी समितीही नेमली गेली. खाडा नको म्हणून पाळीच नको, इथवर बायका का आल्या, याचे उत्तर दवाखान्याआधी मुकादमाच्या वहीत शोधायला हवे होते.

सभासदाच्या उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत, नाहीतर व्याज भरावे, असा १९६६ चा आदेश आहे. तो डावलला गेला तरी शेतकऱ्याला बोट ठेवायला कलम असते. तोडणीवाल्याला कोयता बंद ठेवूनच दर मागावा लागतो. जानेवारी २०२४ मधली ३४ टक्क्यांची वाढ तशीच पदरात पडली.

आता हार्वेस्टर आले की प्रश्न मिटेल, असे संचालक मंडळी सांगतात. त्यांचा मिटेलही. तोवर तोडणी कामगारांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर घेऊन मजुरी थेट दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत भरावी, खाड्याचा दंड बंद करावा. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे सहजी येणार नाही. टोळ्या वेळेवर येत नाहीत, ही ओरड मात्र तिथे दरसाल होते.