कामाच्या तासांचा कायदा आपल्यासाठीही आहे

तब्येतीचा विषय निघाला की आपल्या ग्रुपवर ठरलेले सल्ले येतात. कोमट पाणी प्या, दहा हजार पावलं चाला, झोपताना मोबाईल लांब ठेवा. सल्ले चांगलेच आहेत. पण ज्याचा शेवटचा कॉल रात्री साडेअकराला संपतो आणि पहिला सकाळी नऊला सुरू होतो, त्याने ही पावलं कधी चालायची? बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर माझं मत असं आहे की आपल्या पिढीची पाठ, झोप आणि पित्त बिघडण्यामागे आळसापेक्षा कामाचे तास जास्त आहेत. आणि तासांबद्दल आपण बोलतच नाही.

का बोलत नाही, तेही माहीत आहे. मुकुंदनगर, झेंडीगेट, श्रीरामपूर, संगमनेर, कुठलंही घर घ्या. घरातला पहिला इंजिनिअर, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, बहिणीचं लग्न व्हायचं आहे. त्यात मनात एक जास्तीची भीती असते: नाव बघूनच लोक दोनदा विचार करतात, मग आपण 'नाही' कसं म्हणायचं? ईदची सुट्टी घेतली म्हणून पुढचे दोन शनिवार न मागता काम करणारी मुलं मी पाहिली आहेत. सुट्टी हक्काची होती, तरी त्यांना ती उपकारासारखी वाटली.

दुसरं ओझं घरचं. 'अब्बांनी गॅरेजवर दिवस दिवस उभं राहून आम्हाला शिकवलं, मी तर एसीत बसतो, मी कसली तक्रार करू?' हा विचार मनातून प्रामाणिक असतो, पण हिशोब चुकतो. गॅरेजचं शटर रात्री आठला खाली यायचं. लॅपटॉपला शटर नाही.

अ‍ॅना सेबॅस्टियन पेरायिल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २६ वर्षांची सीए. मार्च २०२४ मध्ये पुण्याला अर्न्स्ट अँड यंगमध्ये रुजू झाली, २० जुलैला गेली. तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना पत्र लिहिलं आणि ते देशभर वाचलं गेलं. मृत्यूमागे कामाचा ताण असल्याचं कंपनीने नाकारलं. त्या वादात मी पडत नाही. पण त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याने पुण्याच्या कार्यालयाची तपासणी केली तेव्हा जे बाहेर आलं, त्याची चर्चा फार कमी झाली. २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेला अर्जही इतक्या वर्षांच्या उशिरामुळे फेटाळला गेला होता.

हा कायदा बहुतेक इंजिनिअरना दुकानदारांचा वाटतो. महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा मुळात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला आणि त्यातल्या कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारेही येतात. २०१७ च्या मूळ तरतुदी अशा होत्या: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, वरच्या तासांना दुप्पट मजुरी. व्यवस्थापकीय पदांना यातून सूट आहे. हुद्द्यात 'मॅनेजर' किंवा 'लीड' हा शब्द लवकर का मिळतो, याचा विचार करून बघा.

यावर मोठ्या लोकांचं म्हणणं काय? २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांत रोजचे तास नऊवरून दहा आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. उद्योगपतींचं बोलणं सरकारपर्यंत पोचतं. आपलं पोचत नाही, कारण आपण बोलतो ते फक्त चहाच्या टपरीवर.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये आकडे दिले होते. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के. आता ७० आणि ९० हे आकडे पुन्हा वाचा.

ज्या रविवारी आपण शिवाजीनगरहून एसटीने नगरला येऊन अम्मीच्या हातचं जेवतो, तो रविवारही कोणी सहज दिलेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं अर्ज आणि सभा केल्या. एका सभेत तर दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० ला साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. ते कामगार आपल्यापेक्षा कितीतरी गरीब होते आणि त्यांची नोकरी आपल्यापेक्षा सहज जाऊ शकत होती.

आपल्या किल्ल्यातलीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑगस्ट १९४२ पासून मौलाना आझाद तिथे कैदेत होते. 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं त्यांनी तिथेच लिहिली. पहाटे तीन-चारला उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करायचा आणि लिहायला बसायचं, हा त्यांचा नेम त्या पत्रांत येतो. दारावर इंग्रजांचा पहारा होता, पण ती पहाट त्यांची स्वतःची होती. आपल्याकडे पहारा नाही, आणि सहरीच्या वेळीही अमेरिकेतल्या क्लायंटचा मेसेज येतो.

एकट्याने राजीनामा फेकून काही होणार नाही, कर्ज बँकेचं असतं. पण तीन महिने रोजची सुरू-बंद वेळ वहीत लिहून ठेवता येते. रात्रीचा कॉल आला तर सकाळची वेळ बदलून द्या, असं ईमेलवर मागता येतं, आणि टीममधल्या चौघांनी मिळून मागितलं तर ते कुणा एकाच्या नावावर जात नाही. त्या चौघांत एक कुलकर्णी, एक गायकवाड आणि एक शेख असेल तर 'नाव बघून' वाली भीतीही बरीच कमी होते. पुण्यात नाईट्ससारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, तिच्याशी बोलता येतं. आणि घरी फोन केल्यावर 'सब ठीक' म्हणून ठेवून देण्याआधी, आज किती वाजता जेवलो हे अम्मीला खरं सांगता येतं.