कॅमेरा घ्यायचाय? आधी घरातला उजेड पाहा

झाशीच्या जुन्या तटबंदीच्या दहा दरवाजांपैकी एक म्हणजे दतिया गेट. 1742 मध्ये नारोशंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीला आले, तेव्हापासून या शहरात मराठी घरे नांदत आली. समजा, दतिया गेटजवळच्या अशाच एका घरात आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला आहे आणि त्यासाठी छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायची चर्चा चालली आहे.

नातू म्हणतो, “बाबा, फोन आहे ना!” बाबा जाहिरातीतले मेगापिक्सेल मोजताहेत. सूनबाईंच्या मनात मात्र वेगळेच आहे. आजोबा गेले, तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकही धड फोटो मिळाला नाही. शेवटी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करावा लागला. हार घातलेला तो पुसट चेहरा त्या रोज पाहतात. ज्या राणीमुळे झाशीचे नाव घराघरांत पोचले, तिचे म्हणून दाखवले जाणारे छायाचित्र खरे की खोटे यावर अजून वाद आहे. पण आपल्या घरातल्या माणसाचा चांगला फोटो ठेवणे आपल्या हाती आहे.

“अहो, आकडे नंतर बघू. माजघरात आईंचा चेहरा नीट येतो का, तेवढं आधी विचारा,” सूनबाई म्हणतात. त्यांचा प्रश्न अगदी नेमका आहे.

मेगापिक्सेलचा मोह

चार बाय सहा इंचांच्या उत्तम प्रिंटला सुमारे दोन मेगापिक्सेल पुरतात. आठ बाय दहाला सात-साडेसात. पण वीस मेगापिक्सेलच्या ग्रुप फोटोत आजींचा चेहरा लांबी-रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढा असेल, तर कापल्यावर हाती जेमतेम 0.8 मेगापिक्सेल उरतो. आजोबांच्या फोटोचे नेमके हेच झाले. म्हणून मोठा आकडा शोधण्यापेक्षा आजींच्या जवळ जाऊन एक फोटो वेगळा काढावा.

खरा फरक सेन्सरचा

प्रकाश टिपणारी चकती म्हणजे सेन्सर. साध्या कॉम्पॅक्टमध्ये तो साधारण 6.2 बाय 4.6 मिलीमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर 13.2 बाय 8.8 मिलीमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. समईच्या उजेडात, देवघरात, संध्याकाळच्या आरतीत हा फरक लगेच कळतो. त्यातच भिंगाचा आकडा 2.8 ऐवजी 1.8 असेल, तर दुपटीहून अधिक प्रकाश आत येतो. इथे आकडा जितका लहान, तितके भिंग चांगले उघडते.

आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर बऱ्याचदा स्वस्त कॉम्पॅक्टपेक्षा मोठा असतो. त्यामुळे नातवाचेही अगदी चुकत नाही. घरात चांगला फोन असेल, तर लहान सेन्सरचा कॅमेरा फक्त झूमसाठी किंवा मुलांच्या हाती देण्यासाठी घ्यावा. नाहीतर थोडे थांबून, पैसे साठवून एक इंची सेन्सरचाच घ्यावा.

झूम कोणता?

ऑप्टिकल झूममध्ये भिंग खरोखर पुढे-मागे सरकते. डिजिटल झूम फोटो कापून मोठा करतो, म्हणजे पुन्हा आजोबांचीच गत! त्याचा आकडा जमेस धरू नये. अरुंद खोलीत सगळे मावायला 24 ते 28 मिलीमीटरची सोय हवी, चेहऱ्यासाठी 70 ते 100 पर्यंतची. घरगुती वापराला एवढे पुष्कळ झाले.

दुकानात करायची परीक्षा

स्वतःचे मेमरी कार्ड बरोबर न्यावे. दुकानातल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात कुणाला तरी उभे करून फ्लॅशविना फोटो काढावा. चालत्या माणसाचाही काढावा, म्हणजे बटण दाबल्यावर कॅमेरा किती वेळ घेतो ते कळते. बाहेर उन्हात पडदा दिसतो का, तेही पाहावे. मग घरी मोठ्या पडद्यावर फोटो पाहून निर्णय घ्यावा.

जुना कॅमेरा घेत असाल, तर बॅटरी फुगलेली नाही ना, नवी मिळते का आणि भिंग अडखळत नाही ना, ते तपासा. फार जुने कॅमेरे मोठ्या क्षमतेची कार्डे वाचत नाहीत, आणि काहींना लागणारी एक्सडीसारखी कार्डे आता बनत नाहीत.

फोटो काढल्यावर

कार्डातला फोटो म्हणजे सांभाळलेला फोटो नव्हे. सोहळा झाला, की त्याच आठवड्यात दोन ठिकाणी प्रती ठेवा आणि निवडक दहा-बारा छापून घ्या.

आणि सोहळ्याची वाट तरी कशाला पाहायची? कॅमेरा आणला त्या दिवशीच आजींना दारात, तिरप्या उजेडात बसवा. त्या म्हणतील, “अरे, साडी तरी बदलू दे!” त्या हसण्याचा फोटो चुकवू नका.