बँकॉकला परतणाऱ्यांचा हिशेब

एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रानची सुटी संपली की थायलंडच्या ईशान्येतून, म्हणजे ईसानमधून, बँकॉककडे माघारीची रीघ लागते. मित्रफाप महामार्गावर पिकअप गाड्या एकमेकींना खेटून सरकत असतात. हौद्यात चिकट तांदळाची पोती, आईने बांधून दिलेल्या प्लाराच्या, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या बरण्या. लेकरं बहुधा गावी आजी-आजोबांकडेच राहिलेली. सुटीत ओस पडलेलं बँकॉक दोन दिवसांत पुन्हा तुंबतं. असोकचा चौक, रामा नऊ रस्ता, विभावदी रंगसित, सगळीकडे लाल दिव्यांच्या माळा.

या गर्दीवर उपाय म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या वाहतूक मंत्र्यांनी एक प्रस्ताव मांडला. शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींकडून ४० ते ५० बाट शुल्क घ्यायचं, त्या पैशातून खासगी कंपन्यांकडचे रेल्वेचे परवाने विकत घ्यायचे आणि सगळ्या मार्गांवर सरसकट २० बाट भाडं ठेवायचं. सरकारं बदलली तरी प्रश्न जागच्या जागी आहे. असं शुल्क लावावं का?

शुल्काच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. आजची कोंडी सरकारनेच पैसे देऊन वाढवली. २०११-१२ मध्ये पहिली मोटार घेणाऱ्याला एक लाख बाटपर्यंत कर परत देण्याची योजना आली आणि सुमारे साडेबारा लाख लोकांनी अर्ज केले. ज्या धोरणाने मोटारी रस्त्यावर आणल्या, त्याची भरपाई मोटारवाल्यांकडून मागण्यात अन्याय नाही. शिवाय हवेचा प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये सूक्ष्म धूलिकण इतके वाढले की शेकडो शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि आठवडाभर बस व रेल्वे मोफत करावी लागली. त्या धुरात शेतातल्या जाळपोळीचाही मोठा वाटा असतो, हे खरं. पण शहराच्या हातात असलेला वाटा वाहनांचाच आहे.

विरोधकांचं म्हणणंही झटकून टाकण्याजोगं नाही. बँकॉकमध्ये मोटार ही नेहमीच चैन नसते. तिथल्या सोया, म्हणजे मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्या, आत लांबवर जातात आणि अनेकदा पुढे बंदच होतात. त्यामुळे सगळी वाहनं फिरून त्याच त्या हमरस्त्यांवर येतात. अशा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या माणसाचा दिवस नारिंगी जाकिटातल्या मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून सुरू होतो. मग स्कायट्रेन, मग दुसऱ्या कंपनीची भुयारी गाडी. प्रत्येक टप्प्याला वेगळे पैसे. डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झालेल्या स्कायट्रेनच्या मूळ मार्गावरच २०२३ पासून १७ ते ४७ बाट पडतात. बँकॉकमधलं किमान दिवसाचं वेतन जुलै २०२५ पासून ४०० बाट. येण्या-जाण्यात त्यातला चौथा हिस्सा सहज जातो. अशा माणसाला गाडी घरी ठेव म्हणायचं, तर त्याच्यासाठी दुसरी सोय आहे कुठे?

सोय उभी राहू शकते, हे सेन सेप कालव्यावर दिसतं. तिसरा राम या राजाच्या काळात खोदलेल्या या कालव्यात लांब, बसक्या बोटी धावतात. बोट धक्क्याला पुरती टेकायच्या आत माणसं उड्या मारून चढतात, हेल्मेट घातलेला वाहक अरुंद काठावरून चालत तिकिटं फाडतो आणि समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून ताडपत्री वर घेतात, काळं पाणी अंगावर येऊ नये म्हणून. वर पेचबुरी रस्त्यावर मोटारी खोळंबलेल्या असताना खालची बोट बँग कापीकडून फान फाच्या पुलाकडे निघून जाते, तेही थोड्या पैशांत. ही सेवा १९९० पासून रोज हजारो माणसांना पोहोचवते आहे.

एक मुद्दा मात्र या वादात पुरेसा येत नाही. बँग पा-इन ते नाखोन राचासिमा हा ईसानला जोडणारा १९६ किलोमीटरचा नवा द्रुतगती मार्ग सणासुदीला मोफत खुला केला जातो. लोक शहराच्या वेशीवर लवकर पोहोचतात आणि तिथे अडकतात. ईसानमध्ये पुरेसं काम नाही म्हणून ते येतात, रस्ता रुंद झाला म्हणून नव्हे. खोन केन, उदोन थानीसारख्या शहरांत पोट भरेल असा पगार मिळेपर्यंत कोणतंही शुल्क ही रीघ थांबवणार नाही, आणि थांबवू पाहणं क्रूरपणाचं ठरेल.

तरीही शुल्क लावावं, असंच आमचं मत आहे. पण क्रम महत्त्वाचा. लंडनने २००३ मध्ये शुल्क सुरू केलं, त्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर उतरवल्या. बँकॉकने एक तिकीट सगळीकडे चालेल अशी व्यवस्था आणि गल्ल्यांपर्यंत पोहोचणाऱ्या छोट्या बस आधी द्याव्यात. शुल्क सिलोम, साथोर्न, सुखुमवितसारख्या रेल्वे असलेल्या भागांपुरतं आणि खासगी मोटारींपुरतं ठेवावं. मोटारसायकल, टॅक्सी आणि माल पोहोचवणारे यांना वगळावं. जमा होणारा प्रत्येक बाट भाडं कमी करण्यासाठीच खर्च होईल, हे कायद्यात लिहावं. तो कायदा आधी मंजूर व्हावा, वसुलीचे कॅमेरे नंतर लागावेत.