चांदीचे कण आणि नफ्याचे गणित

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. या संकटावर आता नॅनोकणांचा उतारा सुचवला जात आहे. शास्त्रीयदृष्ट्या तो आशादायक आहे. प्रश्न आहे तो या शास्त्रावर हुकमत कोणाची, हा.

सुटे जिवाणू औषधाला बळी पडतात. परंतु कॅथेटरवर, कृत्रिम सांध्यावर वा चिघळलेल्या जखमेत ते स्वतःच्याच चिकट स्रावाखाली वसाहत करतात. या जैवपटलाआड दडलेल्या जिवाणूंना कित्येकदा नेहमीच्या शेकडो पट मात्राही पुरत नाही. १०० नॅनोमीटरहून लहान असे चांदीचे कण या थराला खिंडार पाडू शकतात. त्यांतून सुटणारे आयन जिवाणूचे पटल आणि प्रथिने या दोहोंवर एकदम आघात करतात. अशा चौफेर माऱ्यातून निसटणे जिवाणूला कठीण जाते.

कठीण, पण अशक्य नव्हे. सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारे साल्मोनेला १९७५ सालीच बॉस्टनच्या एका रुग्णालयात, भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात आढळले होते. वारंवार संपर्क आल्यास ई. कोलाय जिवाणू फ्लॅजेलिन हे प्रथिन सोडून नॅनोकणांच्या गुठळ्या करतात आणि त्यांना निष्प्रभ करतात, हे २०१८ मध्ये दिसून आले. तरीही हीच चांदी मोज्यांत आणि कपड्यांत घालून दुर्गंधीनाशक म्हणून सर्रास विकली जाते!

येथेच बाजाराचा मूलभूत अंतर्विरोध उघड होतो. असे अस्त्र जपून वापरण्यात समाजाचे हित आहे. नफा मात्र खपावर अवलंबून असतो. अमेरिकेतील अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली. औषध निकामी नव्हते. ते पुरेसे खपत नव्हते, एवढेच.

म्हणूनच प्रतिजैविके काय किंवा नॅनोकण काय, ही गावच्या पाणवठ्यासारखी सामाईक मालमत्ता मानली पाहिजे. १९५४ साली पिंपरीत सार्वजनिक क्षेत्रात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्यामागे अशीच दृष्टी होती. संशोधनाला सरकारी पैसा, उत्पादनावर सार्वजनिक मालकी, अनावश्यक वापरावर बंदी आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जंतुपरीक्षेची सोय, या मागण्या कार्यकर्त्यांनी एकत्रितपणे मांडावयास हव्यात. अन्यथा पेनिसिलिनच्या वाट्याला जे आले तेच चांदीच्याही वाट्याला येईल. आणि त्याची किंमत, नेहमीप्रमाणेच, सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा असलेला माणूस मोजील.