दुपट्याची गाठ

गेल्या थंडीत आमच्या शेजारच्या घरात तीन महिन्यांचे लेकरू दिवस मावळल्यापासून रडत होते. दूध पाजून झाले, पोट शेकून झाले, कुणीतरी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्टही काढली. (दृष्ट काढायची सवय आपल्यातून अजून गेली नाही, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.) शेवटी पलीकडच्या अक्का आल्या आणि म्हणाल्या, "लेकरू उगं रडालंय का? आधी त्याचं पाय बघा की गं."

दुपटे उलगडले. उजव्या पायाचे एक बोट लालबुंद होऊन फुगले होते आणि बोटाच्या बुडाशी दोऱ्याचा बारीक वेढा होता. बाजारातून आणलेल्या नव्या दुपट्याचा टाका सुटला होता. लेकराने पाय हलवले, तसा तो दोरा बोटाला गुंडाळत गेला. मांसात रुतलेला दोरा दवाखान्यात डॉक्टरांनी कापून काढला. बोट वाचले. असा वेढा फार वेळ राहिला तर रक्त पुढे जात नाही, बोट काळे पडते आणि गमवावेही लागते. आईच्या गळलेल्या केसानेही हेच होते. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी बायकांचे केस जास्त गळतात, आणि ओला केस वाळताना आणखी आवळतो. म्हणून कारण सापडत नसेल आणि लेकरू रडत असेल तर हातापायाची बोटे आणि मुलगा असेल तर लघवीची जागा नीट बघावी. दोरा वरवर असेल तर जपून सोडवावा. रुतला असेल, दिसत नसेल तर घरी खटपट न करता तडक दवाखाना गाठावा.

दोष दुपट्याचा नव्हता, गाठीचा होता. आपल्या अणदुरात बहुतेक घरांतल्या बायकांना वाकळ शिवता येते. जुने लुगडे, धोतर, चादरीचे तुकडे एकावर एक अंथरायचे, काठापासून धावदोरा घालत आत आत जायचे. टाका सगळ्यांचा सुरेख असतो, पण दोरा संपला की काय करतो? दाताने तोडतो आणि पुढे जातो. सुरुवातीला गाठ मारतो, शेवटाला मारत नाही. मग वाकळ धुताना दगडावर चार वेळा आपटली की तेच टोक आधी बाहेर येते.

अक्कांनी त्या दिवशी आम्हाला त्यांची रीत दाखवली. दोरा संपायच्या आधी, वीतभर उरला असतानाच थांबायचे. त्याच जागी दोन बारीक उलटे टाके घालायचे. तिसरा टाका पुरता ओढायच्या आधी त्याच्या फासातून सुई दोनदा काढायची आणि मग आवळायचे. यानंतर लगेच दोरा कापायचा नाही. सुई कापडाच्या थरांमधून दोन बोटे पुढे सरकवून वर काढायची, दोरा थोडा ताणायचा आणि कापडाला लागून कापायचा. टोक आपोआप आत जाते, लेकराच्या हाताला लागतच नाही. सुरुवातीची गाठही अशीच थरांच्या आत दडवायची.

कापूस भरलेल्या रजईची गोष्ट वेगळी. गादीसारखे तिला जागोजाग टाके घालून बांधावे लागते, नाहीतर कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. सुट्या कापसाला तीन-चार इंचांवर टाका हवा. सुई वरून खाली, पाव इंचावरून पुन्हा वर, त्याच जागी आणखी एकदा, आणि दोन्ही टोके बांधायची. इथे बहुतेकींची चूक होते. उजवे टोक डाव्यावर घालून पहिली गाठ मारली, तर दुसऱ्या वेळी डावे उजव्यावर घालायचे. दोन्ही वेळा उजवेच वर घेतले तर गाठ आडवी बसते आणि धुण्यात सुटते. नीट बसलेली गाठ चपटी दिसते, दोन्ही टोके आपापल्या बाजूला पडतात. वरून तिसरी गाठ मारली की झाले. थोरांच्या रजईवर इंचभर टोके राहिली तरी चालते, पण तान्ह्या लेकराच्या पांघरुणाला बांधलेले टाके नकोतच. त्याला धावदोराच बरा.

दोरा सुती घ्या. नायलॉनचा चकचकीत दोरा स्वस्त वाटतो, पण त्याची गाठ सरकते, आणि बोटाला गुंडाळला तर तो तुटतही नाही. सुती दोरा भिजला की फुगून गाठ घट्ट धरतो.

अक्कांच्या घरात एक वाकळ आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर धक्क्यांच्या भीतीने आपल्या भागात लोक कितीतरी रात्री उघड्यावर झोपले. त्या थंडीत त्यांनी ती शिवली. वरचे कापड तीनदा बदलले, ठिगळावर ठिगळ चढले. आम्ही मुद्दाम उलटसुलट करून पाहिली, एकही टोक बाहेर दिसले नाही. "माझी सासू दोरा लोंबता दिसला की जेवू देत नव्हती," असे त्या हसत म्हणाल्या.

ज्या भगिनी दुसऱ्यांच्या वाकळा पैसे घेऊन शिवतात, त्यांनाही एक सांगणे आहे. गिऱ्हाईक वरचे रंग बघते, आतली गाठ बघत नाही, म्हणून मजुरी ठरवताना गाठीचा वेळ धरला जात नाही. तो धरून मागा. गिऱ्हाइकाला वाकळ उलटी करून दाखवा आणि टोक कुठे आहे ते शोधायला सांगा.

दुपटे उन्हात घालताना रोज एकदा दोन्ही बाजूंनी हात फिरवावा. लोंबता दोरा सापडला तर तो ओढू नये, ओढला की पुढचे चार टाके निघतात. सुईत ओवून आत घालावा, आणि टोक सुईत मावण्याइतके लांब नसेल तर आधी तिथे नवा टाका घालून जागा धरावी, मग जुने टोक कापावे.